एका अमिनो आम्लाचा फरक : नागपूरचे सिकलसेल-संशोधन आणि पेप्टाइड-औषधांचा शोध

सन १९५८ च्या आरंभी लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय साप्ताहिकात नागपूरच्या आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी ह्या दोघांचा मध्य भारतातील सिकलसेल गुणासंबंधीचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ए. एस. परांडे ह्यांच्या सहकार्याने त्यांनी लिहिलेला अधिक विस्तृत निबंध ‘ब्लड’ ह्या अमेरिकन नियतकालिकात आला. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली स्थापन झालेले. म्हणजे त्या वेळी ते अवघे अकरा वर्षांचे होते. शहराचे राजकीय स्थानही स्थिर नव्हते. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी म्हणून असलेला मान १९५६ च्या नोव्हेंबरात गेला होता, नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात आले होते आणि महाराष्ट्र राज्य व्हावयास अद्याप दोन वर्षे होती. लेखाच्या शीर्षकातील ‘मध्य भारत’ हे मोघम नाव त्या परिस्थितीत सोयीचेच म्हणावयाचे.

ह्या लेखाच्या एकदोन वर्षेच आधी, १९५६ व १९५७ साली, इंग्लंडमधील केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम ह्यांनी त्याच रोगाचे मूळ रसायनशास्त्राच्या भाषेत निश्चित केले होते. सिकलसेल रोग्याचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनहून केवळ एका लहानशा पेप्टाइडमध्ये, आणि त्या पेप्टाइडमधील केवळ एका अमिनो आम्लात भिन्न असते, हे त्यांनी दाखविले. एकीकडे रोगाचा रेणू सापडला आणि दुसरीकडे रोगी सापडले. ह्या दोन शोधांमध्ये काळाचे अंतर जवळजवळ नव्हते. पण रेणूच्या ज्ञानातून रोग्याला उपयोगी पडेल असे औषध तयार करण्यास जे अंतर तोडावे लागले ते फार मोठे ठरले. ज्या वस्तूने रोग ओळखला त्याच जातीच्या वस्तूने, म्हणजे पेप्टाइडने, तो बरा करता येईल काय, हा प्रश्न त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ वेगवेगळ्या रूपांनी विचारला गेला आहे. ह्या प्रश्नाचा इतिहास नागपूरला परका नाही. किंबहुना ज्या प्रदेशात हा रोग घरोघरी परिचित आहे त्या प्रदेशाने तो समजून घेणे अगत्याचे आहे.

रोगाचा पहिला शास्त्रीय वृत्तांत शिकागो येथील जेम्स हेरिक ह्यांनी १९१० साली दिला. ग्रेनाडा बेटावरून शिक्षणासाठी आलेल्या एका तरुणाच्या रक्तात त्यांना लांबट, विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या. ह्याच आकारावरून रोगास ‘सिकलसेल’ हे नाव पडले. मराठी परिभाषेत त्यास ‘दात्रकोशिका पांडुरोग’ असा शब्द घडविण्यात आला, परंतु विदर्भातील बोलीत ‘सिकलसेल’ किंवा नुसते ‘सिकल’ हेच रूढ झाले आहे आणि येथेही तेच वापरणे इष्ट. १९२७ साली हान व गिलेस्पी ह्यांनी प्राणवायू कमी झाला की पेशी वाकतात व प्राणवायू मिळाला की पुन्हा सरळ होतात, असे दाखविले. १९४९ साली नील व बीट ह्यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, अनुवंशाचा उलगडा केला : माता व पिता ह्या दोघांकडून दोषयुक्त जनुक आले तर रोग, एकाकडूनच आले तर केवळ गुण. विदर्भात ह्यालाच ‘एस. एस. पॅटर्न’ व ‘ए. एस. पॅटर्न’ म्हणतात, आणि लग्न जुळविताना हे दोन शब्द अनेक घरांत पत्रिकेइतकेच गंभीरपणे उच्चारले जातात.

१९४९ हेच वर्ष आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे. लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी इटानो, सिंगर व वेल्स ह्यांनी विद्युत्क्षेत्रात रोग्याचे हिमोग्लोबिन निरोगी हिमोग्लोबिनहून निराळ्या वेगाने सरकते असे दाखवून, हा ‘रेणूचा रोग’ आहे असे प्रतिपादन केले. तोपर्यंत रोग म्हणजे जंतूचा, जीवनसत्त्वाच्या अभावाचा किंवा एखाद्या इंद्रियाच्या बिघाडाचा असेच समजले जात असे. एखादा रेणूच आजारी असू शकतो ही कल्पना नवी होती. मात्र त्या रेणूत नेमके कोठे काय बिघडले आहे हे पॉलिंग ह्यांना सांगता आले नाही. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ५७४ अमिनो आम्ले असतात; एवढ्या मोठ्या रचनेत एक चूक शोधून काढण्याची पद्धतच त्या वेळी उपलब्ध नव्हती.

ती पद्धत इन्ग्रॅम ह्यांनी बसविली, आणि ती साधी होती म्हणूनच तिचे महत्त्व अधिक. ट्रिप्सिन हे पचनरसातील विकर प्रथिनाच्या साखळीस लायसीन व आर्जिनीन ह्या दोन अमिनो आम्लांच्या पुढेच तोडते, अन्यत्र नाही. त्यामुळे हिमोग्लोबिनवर ट्रिप्सिनची क्रिया घडविली असता त्याचे सुमारे तीस ठराविक तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, पडतात. हे मिश्रण गाळणकागदाच्या कोपऱ्यात ठेवून एका दिशेने विद्युत्प्रवाहाने व नंतर काटकोनात दुसऱ्या दिशेने द्रावकाच्या ओघाने पसरविले की कागदावर ठिपक्यांची एक नक्षी उमटते. हिला इन्ग्रॅम ह्यांनी बोटांच्या ठशांची उपमा दिली. निरोगी व रोगी हिमोग्लोबिनचे ठसे शेजारी ठेवले असता इतर सर्व ठिपके जुळले. एकच, चौथ्या क्रमांकाचा, आपल्या जागेवरून सरकलेला होता. त्या आठ अमिनो आम्लांच्या तुकड्यात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आले होते. बीटा-साखळीतील हे सहावे स्थान होय. ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारे व ऋणभारित. व्हॅलीन तेलकट स्वभावाचे व भाररहित. एवढ्या फरकाने विद्युत्क्षेत्रातील वेगही बदलतो आणि रेणूचा शेजाऱ्यांशी असलेला संबंधही बदलतो.

भारतात ह्या रोगाची पहिली वार्ता १९५२ सालची आहे. लेहमन व कटबुश ह्यांना नीलगिरीतील आदिवासींमध्ये सिकलसेल गुण आढळला आणि त्याच वर्षी डनलॉप व मजुमदार ह्यांनी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये रोग आढळल्याचे नमूद केले. नागपूरचे काम ह्यानंतरचे, परंतु विदर्भातील ह्या रोगाच्या वाङ्मयाचा आरंभ त्याच्यापासूनच मानला जातो. त्या काळी तपासणीची प्रचलित रीत अशी होती : काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन त्यात प्राणवायू शोषून घेणारे सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळावयाचे, वर पातळ काच बसवून कडा बंद करावयाच्या, आणि काही वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. ज्याच्या पेशी वाकल्या त्याच्यात गुण आहे. एक सूक्ष्मदर्शक आणि एक रसायन असले की पुरे. म्हणूनच नव्या महाविद्यालयातही हे काम होऊ शकले.

नागपूरच्या पाहणीत महार समाजात ह्या गुणाचे प्रमाण लक्षणीय आढळले. येथे एक ऐतिहासिक बाब लक्षात घ्यावयास हवी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. म्हणजे ज्या लोकांनी जातीचे नाव टाकले त्यांचे जुने नाव जागतिक वैद्यकीय वाङ्मयात दोनच वर्षांनी एका आनुवंशिक रोगाशी जोडले गेले. संशोधकांचा त्यात काही दोष नव्हता. त्या काळच्या मानववंशशास्त्रात जात हेच गणनेचे परिमाण होते. परंतु पुढील कित्येक वर्षे हा ‘अमक्या जातीचा रोग’ अशी समजूत टिकून राहिली आणि तिने तपासणीला हानी पोचविली, ह्यात शंका नाही. पुढील सर्वेक्षणांनी चित्र विस्तारले. पुण्याचे सुदाम काटे ह्यांनी नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी भागांत दीर्घकाळ काम केले; भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा समाजांत गुणाचे प्रमाण कोठे नगण्य तर कोठे शेकडा २० हून अधिक असल्याचे आढळले. इतर समाजांतही तो आहे. जनुकाला जातीची ओळख नसते. ओळख असलीच तर ती हिवतापाची. ए. सी. ॲलिसन ह्यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले की केवळ गुण असलेल्या बालकांना घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळते. सातपुड्याच्या व गोंडवनाच्या हिवतापग्रस्त जंगलपट्ट्यात हे जनुक टिकून का राहिले ह्याचे उत्तर त्यात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बीटा-साखळीतील सहाव्या जागेचे व्हॅलीन नेमके काय करते, हे १९७० नंतरच्या दशकात स्फटिकांच्या क्ष-किरण अभ्यासाने स्पष्ट झाले. विशनर, लव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या रचनेत असे दिसले की प्राणवायू सोडलेल्या एका रेणूचे हे व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या एका खोबणीत जाऊन बसते. ह्या खोबणीच्या भिंती फेनिलॲलॅनीन (८५) व ल्युसीन (८८) ह्या दोन तेलकट अमिनो आम्लांच्या आहेत. एकाचे व्हॅलीन दुसऱ्याच्या खोबणीत, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या, असे करीत रेणूंचे लांब दोर वळले जातात. चौदा पदरांचा एकेक दोर पेशीच्या आत उभा राहतो आणि पेशी वाकते. कुलूप व किल्ली अशी ही जोडी पाहिल्यावर कोणाही रसायनज्ञाच्या मनात जो विचार यावा तोच आला. किल्लीच्या आकाराचा एक लहान पेप्टाइड तयार करून कुलपात आधीच अडकवून ठेवला तर खरी किल्ली आत जाणार नाही आणि दोर वळला जाणार नाही.

हा विचार लवकरच प्रत्यक्षात आला. १९७७ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत व्होटानो, गोरेकी व अलेक्झांडर रिच ह्यांनी फेनिलॲलॅनीनयुक्त लहान पेप्टाइडे सिकल हिमोग्लोबिनचे गोठणे लांबवितात असे दाखविले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे कुबोटा व यांग ह्यांनीही लघुपेप्टाइडांचा ह्याच हेतूने अभ्यास केला. परीक्षानळीत परिणाम खरा होता. औषध मात्र झाले नाही.

ते का झाले नाही, हे थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. कारण पुढील सर्व प्रयत्न ह्याच अपयशातून निघाले.

पहिली अडचण आकाराची. हिमोग्लोबिनच्या बीटा-साखळीत सहावे स्थान एका मळसूत्री वेटोळ्याच्या आरंभी येते आणि संपूर्ण प्रथिनाच्या आधाराने ते वेटोळे आपला आकार धरून राहते. तेवढाच आठ अमिनो आम्लांचा तुकडा कापून पाण्यात सोडला तर आधार सुटतो व साखळी सैल दोरीसारखी क्षणाक्षणाला आकार बदलते. हजार आकारांपैकी एखादाच खोबणीत बसण्याजोगा असतो. तेव्हा पकड ढिली राहते आणि परिणाम व्हावयास पेप्टाइड फार मोठ्या प्रमाणात घालावे लागते. दुसरी अडचण विकरांची. रक्तात, आतड्यात, यकृतात प्रथिने तोडणारी विकरे सर्वत्र आहेत, आणि सैल, उलगडलेली साखळी हेच त्यांचे आवडते भक्ष्य. ज्या ट्रिप्सिनने इन्ग्रॅम ह्यांना रोगाचे स्थान दाखवून दिले त्याच्याच कुळातील विकरे पेप्टाइड-औषधाची वैरी ठरावीत, हा योगायोग मासलेवाईक आहे. तिसरी अडचण पेशीच्या आवरणाची : पेप्टाइडाचा कणा पाण्याशी बांधलेला असल्यामुळे त्यास स्निग्ध पडद्यातून पलीकडे जाता येत नाही.

आणि चौथी अडचण प्रमाणाची, जिच्याकडे पहिल्या उत्साहात पुरेसे लक्ष गेले नसावे. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रौढ रोग्याच्या शरीरात ५ लिटर रक्त व दर १०० मिलिलिटरला ८ ग्रॅम हिमोग्लोबिन धरले तर एकूण हिमोग्लोबिन ४०० ग्रॅम होते. हिमोग्लोबिनचा रेणुभार ६४,५०० व पेप्टाइडाचा सुमारे १,००० धरून एकास एक असा हिशेब केला तर ६ ग्रॅमांहून अधिक पेप्टाइड पेशींच्या आत पोचून राहिले पाहिजे. एकतृतीयांश रेणू अडविले तरी पुरे असे मानले तरीही २ ग्रॅम लागतात. तुलनेसाठी इन्सुलिन घ्यावे : दिवसाकाठी ४० युनिट घेणाऱ्या मधुमेह्याच्या शरीरात जाणारे इन्सुलिन दीड मिलिग्रॅमही भरत नाही. इन्सुलिन हा निरोप आहे, थोडक्यात काम भागते. येथे तर प्रत्येक रेणूच्या दाराशी एकेक पहारेकरी उभा करावयाचा आहे.

पेप्टाइडे औषध म्हणून चालत नाहीत असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. बॅन्टिंग व बेस्ट ह्यांचे १९२१ सालचे इन्सुलिन हे आरंभीचे ठळक उदाहरण. १९५३ साली द्यू विन्यो ह्यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले. १९६३ साली मेरिफील्ड ह्यांनी राळेच्या कणांवर पेप्टाइडे एकेक अमिनो आम्ल जोडीत बांधण्याची रीत दिली आणि मनात येईल तो क्रम बांधून पाहणे शक्य झाले. निसर्गातील पेप्टाइडे न्याहाळली तर त्यांतील टिकाऊ पेप्टाइडे कोणत्या ना कोणत्या रीतीने बांधलेली दिसतात. इन्सुलिन व ऑक्सिटोसिन ह्यांत गंधकाचे सेतू आहेत. अकरा अमिनो आम्लांचे सायक्लोस्पोरिन हे बंद कडे आहे आणि ते तोंडाने घेतले तरी शोषले जाते. माणसाने हीच युक्ती उचलली. सोमॅटोस्टॅटिन हे चौदा अमिनो आम्लांचे अंतःस्रावी पेप्टाइड रक्तात दोनतीन मिनिटांतच निम्मे होते. सँडोझ कंपनीच्या रसायनज्ञांनी १९८० च्या सुमारास त्याचा आवश्यक भाग तेवढा ठेवून, वळणाच्या जागी उलट हाताचे अमिनो आम्ल बसवून व सेतूने घट्ट करून आठ अमिनो आम्लांचे ऑक्ट्रिओटाइड घडविले. ते निम्मे व्हावयास सुमारे दीड तास लागतो.

साखळीस आकारात बांधून ठेवण्याच्या ह्या विद्येचा पाया भारतात घातला गेला आहे, हे येथे सांगणे प्राप्त आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन ह्यांनी रामकृष्णन व शशिशेखरन ह्यांच्यासह १९६३ साली पेप्टाइड-साखळीच्या प्रत्येक सांध्यास कोणत्या दोन कोनांतून वळता येते व कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतात ह्याचा नकाशा काढला. आज जगातील प्रत्येक जीवरसायनाच्या पाठ्यपुस्तकात तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. सामान्य अमिनो आम्लास नकाशावर बराच प्रदेश मोकळा आहे; म्हणूनच साखळी सैल असते. पण ॲमिनो-आयसोब्युटिरिक आम्ल, ज्याचे संक्षिप्त नाव ‘एआयबी’, त्याच्या मध्यवर्ती कर्बावर एका मेथिल गटाऐवजी दोन असतात. ह्या दोन गटांच्या दाटीमुळे त्यास नकाशावर मळसूत्री वेटोळ्याच्या आसपासचे दोन लहान पट्टेच उरतात. साखळीत अधूनमधून हे आम्ल पेरले की लहान पेप्टाइडही वेटोळ्याचा आकार सोडीत नाही.

ह्या अमिनो आम्लाचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास ज्यांनी केला त्या पद्मनाभन बलराम ह्यांचे पदवीशिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले होते. १९७३ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. अलामेथिसिन ह्या बुरशीजन्य प्रतिजैविकात ‘एआयबी’ विपुल असते. त्याच्या तुकड्यांपासून आरंभ करून त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी, पुढे अमेरिकेच्या इझाबेला कार्ल ह्यांच्या सहकार्याने, अशा पेप्टाइडांच्या स्फटिकरचनांची मालिकाच सिद्ध केली. त्या वेळी हे काम निव्वळ रचनाशास्त्राचे वाटत असे. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सेमाग्लुटाइड ह्या मधुमेहावरील औषधात आठव्या जागी हेच ‘एआयबी’ बसविलेले आहे, आणि तेथे ते विकराला साखळीचे टोक छाटू देत नाही. ज्ञान कोणत्या दाराने उपयोगात येईल हे आधी सांगता येत नाही, ते असे.

पुढचा टप्पा ‘टाचलेल्या’ पेप्टाइडांचा. वेटोळ्याच्या एकाच बाजूस येणाऱ्या दोन अमिनो आम्लांना द्विबंधयुक्त कर्बशृंखला जोडून, ग्रब्ज ह्यांनी विकसित केलेल्या रुथेनियम उत्प्रेरकाने त्या दोन शृंखलांची टोके एकमेकांस सांधावयाची. कागदांना टाचणी मारावी तसे वेटोळे त्याने जखडले जाते. शाफमाइस्टर, पो व व्हर्डाइन ह्यांनी २००० साली हार्वर्ड येथे ही रीत प्रसिद्ध केली. त्यांनी वापरलेल्या अमिनो आम्लांतही मध्यवर्ती कर्बावर जादा मेथिल गट आहे, म्हणजे ‘एआयबी’चेच तत्त्व तेथे टाचणीच्या जोडीला आहे. २००४ साली लॉरेन वॉलेन्स्की व सहकाऱ्यांनी पेशीच्या आत्मनाशाची सूचना देणारे असे एक टाचलेले पेप्टाइड उंदरातील रक्तकर्करोगावर परिणामकारक ठरल्याचे दाखविले. हे पेप्टाइड विकरांना दाद देत नव्हते आणि पेशीच्या आतही शिरत होते. जखडलेल्या वेटोळ्याचा पेप्टाइड-कणा आतल्या आत बांधला गेल्यामुळे विकरास धरावयास सैल धागा मिळत नाही, हे त्याचे कारण. तथापि प्रयोगशाळेतील यश व रुग्णालयातील यश ह्यांत येथेही अंतर पडले. ह्या जातीच्या ज्या पेप्टाइडाच्या मानवी चाचण्या सर्वांत पुढे गेल्या होत्या, त्याचे काम २०२३ साली थांबविण्यात आले.

मग सिकलसेलच्या मूळ खोबणीत बसेल असे टाचलेले पेप्टाइड का नको? आकाराची व विकरांची अडचण आता दूर होऊ शकते हे खरे. पण टाचलेली पेप्टाइडे पेशीत शिरतात ती मुख्यत्वे पेशीने आपल्या आवरणाची लहान पिशवी करून बाहेरचा पदार्थ आत ओढून घेतल्यामुळे. परिपक्व तांबड्या पेशीला केंद्रकही नाही आणि ही गिळण्याची क्रियाही तिच्यात उरलेली नसते. शिवाय २७ कोटी रेणूंचा हिशेब आहे तेथेच आहे. तेव्हा लढाईची जागाच बदलणे भाग पडले : परिपक्व पेशी सोडून अस्थिमज्जेतील तिच्या पूर्वज पेशीकडे, आणि हिमोग्लोबिन सोडून हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकाकडे.

ह्या नव्या वाटेची खूण नागपूरच्या रुग्णांच्या रक्तातच होती. गर्भातील बालकाचे हिमोग्लोबिन प्रौढाच्या हिमोग्लोबिनहून निराळे असते. त्यात बीटा-साखळीऐवजी गॅमा-साखळी असते व ते सिकलच्या दोरात सामील होत नाही. न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन ह्यांनी १९४८ सालीच नवजात बालकांना हा रोग का जाणवत नाही ह्याचे हे कारण सुचविले होते. १९८६ साली कुलोझिक व सहकाऱ्यांनी, ओरिसातील व सौदी अरेबियातील नमुन्यांच्या आधारे, आशियातील सिकल जनुक आफ्रिकेतील जनुकापासून स्वतंत्रपणे उद्भवल्याचा पुरावा मांडला. ह्या आशियाई प्रकारात प्रौढपणीही गर्भ-हिमोग्लोबिन बरेच टिकून राहते. ह्यावरून भारतीय सिकलसेल सौम्य असतो असा एक समज पसरला. तो समज सरसकट खरा नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बालरुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. जंतुसंसर्ग, हाडांच्या असह्य वेदना व रक्त चढविण्याची गरज ह्या बालकांत वारंवार दिसते. ‘सौम्य’ हा शब्द सरासरीला लागू पडला तरी वेदनेने रात्र जागणाऱ्या मुलाला तो लागू पडत नाही, आणि त्या शब्दाने शासकीय यंत्रणेस स्वस्थ बसण्यास निमित्त मिळाले असेल तर तो अन्यायच होय.

गर्भ-हिमोग्लोबिन वाढविणारे हायड्रॉक्सियुरिया हे पेप्टाइड नव्हे, अगदी साधे व स्वस्त रसायन आहे. अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले व १९९८ साली तेथे त्यास प्रौढांसाठी मान्यता मिळाली. नागपूरच्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दर किलो वजनास दररोज १० मिलिग्रॅम ह्या कमी व ठराविक मात्रेनेही तीव्र आजारी बालकांना लाभ होतो असे दाखविले. पाश्चात्त्य पद्धतीत मात्रा रक्तचाचण्या करीत करीत सोसेल तेथवर वाढविली जाते. खेड्यातून येणाऱ्या व वारंवार तपासणी न परवडणाऱ्या कुटुंबासाठी ठराविक लहान मात्रा हा फरक लहान नाही. विदर्भातील ह्या रोगाच्या उपचाराच्या इतिहासात ह्या एका निष्कर्षाचे मोल फार आहे.

गर्भ-हिमोग्लोबिनचे जनुक जन्मानंतर बंद कोण करते, ह्याचे उत्तर २००८ साली बोस्टन येथे विजय शंकरन व स्टुअर्ट ऑर्किन ह्यांच्या गटास सापडले : बीसीएल-११-ए हे प्रथिन. ते इतर प्रथिनांशी हातमिळवणी करून गॅमा-साखळीचे जनुक दडपून ठेवते. प्रथिनांची अशी हातमिळवणी पुष्कळदा वेटोळ्याच्या व सपाट पृष्ठभागाच्या संपर्काने होते. लहान औषधरेणूंस तेथे पकड मिळत नाही, आणि आकारात जखडलेल्या पेप्टाइडांसाठी नेमकी अशीच जागा सोयीची. मज्जेतील पूर्वज पेशीला केंद्रक असते, ती बाहेरील पदार्थ गिळते, आणि तीत ह्या प्रथिनाचे रेणू हिमोग्लोबिनच्या मानाने अत्यल्प असतात. १९७७ च्या प्रयत्नातील चारही अडचणी येथे निदान तत्त्वतः सैल होतात. अशा पेप्टाइडांपैकी कोणतेही ह्या रोगावरील मान्य औषध झालेले नाही.

दुसरी एक वाट पुण्यातून जाते. कोपनहेगनच्या नील्सन व सहकाऱ्यांनी १९९१ साली पेप्टाइडसदृश कण्यावर न्यूक्लिइक आम्लाची अक्षरे बसवून पेप्टाइड-न्यूक्लिइक आम्ल तयार केले. ते विकरांना तुटत नाही व डीएनएला घट्ट चिकटते. पण त्याचा कणाही सैलच. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्णराजनगर गणेश व वैजयंती कुमार ह्यांनी ह्या कण्यात पाच अणूंची कडी बसवून त्यास इष्ट आकारात आखडण्याचे काम अनेक वर्षे केले. अन्यत्र गॅमा-स्थानी एक लहान फांदी जोडून कणा आधीच उजव्या वळणाच्या मळसूत्रात घडविण्याची रीत निघाली आणि अशा रेणूंच्या साहाय्याने २०१६ साली अमेरिकेतील येल येथे उंदरातील बीटा-थॅलसीमियाचे जनुक काही अंशी दुरुस्त करण्यात आले. थॅलसीमिया व सिकलसेल ही एकाच बीटा-साखळीची दुखणी आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या प्रयोगाचे महत्त्व कळेल.

दरम्यान इतर औषधे पुढे गेली, व काही मागेही आली. २०१७ साली ग्लुटामीन हे एकटे अमिनो आम्ल अमेरिकेत ह्या रोगावर मान्य झाले. २०१९ साली आलेले व्हॉक्सेलोटर हे लहान औषध तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिनलाच चिकटते. त्याची दैनिक मात्रा दीड ग्रॅम होती, ह्यावरून वरील हिशेबाची सत्यता पटावी. सप्टेंबर २०२४ मध्ये ते उत्पादकाने जगभरातून परत घेतले. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका येथे बीसीएल-११-ए जनुकाचा नियंत्रक भाग छाटणाऱ्या जनुकोपचारास मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत एका रोग्यास २२ लाख डॉलर ठरविण्यात आली. त्याच वर्षी १ जुलै रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे भारत सरकारच्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे.

नागपुरात सिकल-गुणी मातांच्या नवजात बालकांची तपासणी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर होते. काचपट्टीची जुनी परीक्षा येथे उपयोगी नाही. गर्भ-हिमोग्लोबिनच्या आधिक्यामुळे ह्या वयात पेशी पुरेशा वाकत नाहीत. यंत्रातून निघालेल्या आलेखात गर्भ-हिमोग्लोबिनच्या उंच शिखराशेजारी ‘एस’चे लहानसे शिखर दिसते आणि निरोगी प्रौढ हिमोग्लोबिनचे शिखर नसते. अशा बालकास प्रतिबंधक पेनिसिलिन, फॉलिक आम्ल व लसी देण्यास तेव्हाच आरंभ करता येतो. बालकाच्या अंगावर त्या वेळी रोगाचे एकही चिन्ह नसते.